बनवणारे हात आपले, भाव मात्र दुसऱ्याचा!

शेवगावच्या आठवडे बाजारात केरसुणी, सूप, टोपली, दोर किंवा चप्पल विकायला बसलेल्या आपल्या माणसाला किंमत विचारून बघा. तो एक आकडा सांगतो आणि गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करायच्या आतच म्हणतो, "द्या तुम्हाला वाटेल ते." शेजारी प्लास्टिकच्या बादल्या विकणारा मात्र आपल्या भावावरून हलत नाही. बादली त्याने बनवलेली नसते. टोपली मात्र आपल्या माणसाने दिवसभर बसून विणलेली असते.

लोक याला आपल्या माणसांचा भोळेपणा म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. ही सवय जन्माने आलेली नाही, ती व्यवस्थेने लावलेली आहे.

बलुतेदारीत काम होतं, वस्तू होती, पण भाव नव्हता. वर्षभर चपला, दोर, केरसुण्या पुरवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन पदरात पडेल ते धान्य घ्यायचं. किती द्यायचं हे देणारा ठरवायचा. व्यापार वैश्यांनी करावा आणि शूद्राने धनसंचय करू नये, हे मनुस्मृतीने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हातातलं कसब पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे आलं, पण आपल्या श्रमाचं मोल तोंडाने सांगण्याचा हक्क आला नाही. म्हणून आम्ही म्हणतो, विक्रीचं कौशल्य शिकणं हा जातिअंताच्या लढाईचाच भाग आहे.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण ताजं आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने या चपलेचं मूळ मान्य केलं. पुढे डिसेंबरमध्ये आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी करार झाला. २,००० जोड इथे बनवायचे आणि सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा, असं जाहीर झालं. कातडं, वेणी, शिलाई, सगळं कसब चर्मकारांचं. मग ८०० युरो हा आकडा कशातून आला? नावातून, मांडणीतून आणि ठामपणे भाव सांगण्यातून. हे शिकता येतं. ते कुणाच्या रक्तात नसतं.

पण नुसतं बोलणं शिकलं की माल खपेल, असं सांगणारे अर्धंच सांगतात. बाजारालाही जात असते. अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं आणि व्यवसाय बंद पडला. त्यांच्या ज्ञानात काय कमी होतं? १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. आपल्या शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, मढीच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना येऊ देऊ नये असा ठराव तिथल्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये केला. कुणी काय विकायचं आणि कुठे बसायचं, हे ठरवण्याची खोड अजून गेलेली नाही.

यावरचा उपाय राजर्षी शाहू महाराजांनी दाखवला आहे. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. महाराजांनी नुसती भांडवलाची मदत केली नाही, स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. म्हणजे भांडवलाइतकंच गिऱ्हाईक उभं करणंही महत्त्वाचं आहे. आज महाराज नाहीत, पण संघटित समाज आहे.

इथे आपलेच काही कार्यकर्ते विचारतील, "बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले, तुम्ही पुन्हा टोपल्या विणायला लावता काय?" प्रश्न रास्त आहे. जातीने लादलेला धंदा कुणी करू नये, हीच आमचीही भूमिका आहे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. ज्याला गरज आहे त्याने ते जरूर घ्यावं, पण बापाचा धंदा मुलाने चालवलाच पाहिजे ही अपेक्षा मात्र साफ नाकारावी. आमचं म्हणणं वेगळं आहे. बी. कॉम. झालेली मुलगी स्वतःच्या मर्जीने कापडी पिशव्या शिवत असेल, कुणी गोधड्या, कुणी बुद्धमूर्ती बनवत असेल, तर त्यांनी मान खाली घालून भाव सांगू नये.

मग शिकायचं काय? पहिला धडा हिशोबाचा. समजा एका पिशवीला कापड, अस्तर, दोरा मिळून ९० रुपये लागले. शिवायला ३ तास गेले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी १८०. वीज आणि मशीनची झीज १०, प्रवास आणि जागाभाडं २०. झाले ३०० रुपये. ती पिशवी २०० रुपयांना दिली, तर आपल्या मजुरीतले १०० रुपये आपणच गिऱ्हाइकाला दिले. आपल्या बायका मजुरी धरतच नाहीत, "घरीच तर शिवते" म्हणतात. घरातलं श्रम फुकट असतं, हा मनुवादी हिशोब आधी खोडा.

दुसरा धडा बोलण्याचा. भाव सांगितला की गप्प राहायचं, लगेच स्वतःच कमी करायचा नाही. गिऱ्हाइकाला वस्तू कशासाठी हवी हे आधी विचारायचं. शिलाई दुहेरी आहे, अस्तर आहे, फाटलं तर शिवून देऊ, हे उलगडून सांगायचं. किरकोळ आणि घाऊक भाव वेगळे ठेवायचे. तिसरा धडा वहीचा. कोण गिऱ्हाईक, काय नेलं, पुन्हा कधी लागेल, उधारी किती, हे लिहून ठेवायचं. फोटो दिवसाच्या उजेडात काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भावासकट टाकायचे. "किंमत इनबॉक्समध्ये" म्हणजे पुन्हा तेच लाजणं.

आता चळवळीने काय करायचं? १४ एप्रिलला डीजेवर उडणाऱ्या वर्गणीतून थोडी बाजूला काढून वस्तीतल्या कारागिरांसाठी मांडव घाला. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकं विकणाऱ्या आपल्या जुन्या विक्रेत्यांना तरुणांपुढे बोलायला बोलवा, त्यांच्याइतका अनुभव कुठल्या क्लासात मिळणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच घ्यावे लागतात आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व द्यावं लागतं. शेवगाव नगरपरिषदेत निवेदन देऊन विचारा, आपल्या समितीत कोण आहे? आपल्या कारागिरांना विक्री प्रमाणपत्र मिळालं का?

आणि तरुणांनो, एक गोष्ट आजपासूनच करा. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण आपल्याच मावशीच्या सुपावर वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. ती बंद करा. सांगितला तो भाव द्या, आणि तिने कमी सांगितला असेल तर शेजारी बसून तिला हिशोब मांडून दाखवा.

जयभीम!