शाल, श्रीफळ आणि केटी

‘केटी’ हा शब्द आपल्यातल्या अनेकांच्या आयुष्यात दोनदा येतो. पहिल्यांदा कॉलेजात. तेव्हा तो नुसता ऐकला तरी पोटात गोळा येतो. दुसऱ्यांदा ऑफिसात. तिथे त्याचा फंडाच बदलतो, केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एखाद्याने पेपर टाकले, की नोटीस पिरियडचे शेवटचे दिवस तो आपल्या जागी येणाऱ्याला सगळं समजावून सांगत बसतो. कुठली फाइल कुठे आहे, कुठल्या क्लायंटला सोमवारी सकाळी चुकूनही फोन करायचा नाही, कुठला बग अजून सुटलेला नाही. हे झाल्याशिवाय एचआर रिलीव्हिंग लेटर हातात ठेवत नाही. एका प्रोजेक्टसाठी एवढा सगळा आटापिटा!

आता सांगा, आठवी ‘ब’च्या वर्गशिक्षिका शाळा सोडून जातात, तेव्हा केटी कोण कोणाला देतं?

सत्र संपलं, निकाल लागला, की शाळेकडून पालकांना एक सूचना येते. अमुक बाई सेवानिवृत्त, तमुक सरांची बदली, गणिताला नवीन सर, शाळा अमुक तारखेला उघडणार, वह्या-पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे. पालक बिचारे यादीकडे धावतात. बाईंच्या नावापुढे हात जोडलेल्या दोन इमोजी पडतात आणि विषय संपतो. शाळेत निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मुख्याध्यापकांचं भाषण, मुलांचं गाणं, थोडी रडारड. सगळं मनापासून असतं, त्याची टिंगल करायची नाही. पण त्या शालीबरोबर बाई आणखी काहीतरी घेऊन घरी जातात. पन्नास-साठ मुलांची माहिती. ती कुठल्याच फाइलमध्ये नसते.

माझी एक मैत्रीण माध्यमिक शाळेत शिकवते. तिला म्हटलं, वर्षभरात तुला वर्गाबद्दल काय काय कळतं गं? ती सुरूच झाली. एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडतच नाही. एका मुलाचे बाबा दिवाळीनंतर घरी आलेलेच नाहीत, त्यामुळे ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध द्यायचा नाही. एकाला मोठ्याने वाचायला उभं केलं की तो पोटात दुखतं म्हणतो, पण तोच उत्तर तोंडी विचारलं तर धडाधड देतो. एकीला घरचं सगळं आवरून यावं लागतं म्हणून उशीर होतो, तिला दारात उभं करण्यात काही अर्थ नाही. मी विचारलं, हे सगळं प्रगतिपुस्तकात लिहितेस? ती हसली. ‘तिथे लिहिते, प्रगती समाधानकारक.’

तिचाही दोष नाही. 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागू लागल्या. कल्पना एकदम झकास! पण एवढ्या मोठ्या वर्गात, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून किती लिहिणार? मग बाजारात रेडीमेड नोंदींच्या पुस्तिका आल्या. ‘वाचनात रस घेतो’, ‘गटात मिसळतो’. आपल्या अप्रेझल फॉर्मसारखंच की! कॉपी-पेस्ट झिंदाबाद.

बरं, बाई जातात कधी, हेही बघा. अनुदानित शाळेतले शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतात, आणि तेही वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे सप्टेंबरात वाढदिवस असला, तर ऐन सहामाहीच्या तोंडावर वर्ग पोरका. त्यात आपल्याकडचा एक खास मामला आहे, 1 जून! पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणाला आठवत नसली की गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. तारीख महिन्याची पहिली असली तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटी. म्हणून 31 मे या दिवशी महाराष्ट्रात सरकारी आणि शाळांमधली मंडळी घाऊक निवृत्त होतात. तेव्हा मुलं कुठे असतात? मामाच्या गावाला. जूनच्या मध्यावर ती परत येतात, तर वर्गात भलतंच कोणीतरी उभं. निरोप नाही, ओळख नाही, डायरेक्ट पान नंबर सात काढा.

यात खरंच काय बिघडतं? मोठ्याने वाचायला घाबरणारा तो मुलगा आठवा. 2007 साली ‘तारे जमीन पर’ बघून आपण सगळे थिएटरात ढसाढसा रडलो होतो, तीच गोष्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डात तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला चक्क एक तास! लेखनिकासारख्या इतर सवलतीही असतात. पण प्रमाणपत्र काही कुरिअरने घरी येत नाही. मुंबईत सायन, केईएम किंवा नायरसारख्या सरकारी, पालिका रुग्णालयात तपासण्या कराव्या लागतात, चकरा होतात, महिने जातात. आणि ही गाडी सुरू कोण करतं? बहुतेक वेळा वर्गावरच्या बाई. ‘जरा दाखवून घ्या हो, मला शंका येतेय,’ एवढं एक वाक्य. आठवीच्या बाईंनी ते मनात ठेवलं आणि 31 मेला त्या घरी गेल्या, तर नववीच्या सरांना तो मुलगा ‘आळशी’ वाटायला एक चाचणी पुरते. सरांना खरं काय ते कळेपर्यंत दहावीचे फॉर्म भरून झालेले असतात. एक वाक्य पुढे गेलं नाही, त्याची किंमत एक तास.

समुपदेशक नसतात का, असं तुम्ही म्हणाल. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परीक्षेच्या काळात आणि शैक्षणिक बदलाच्या टप्प्यावर मुलांच्या छोट्या गटांना त्यांचा ठरलेला मार्गदर्शक हवा. बदलाचा टप्पा म्हणजे हाच की, बाई गेल्या आणि सर आले तो. कागदावर सगळं चोख आहे. तो कागद आपल्या शाळेत पोचलाय का, हे मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये काय करतात? तिथल्या सरकारी शाळांत शिक्षकाने राजीनामा साधारण ठरलेल्या तारखांनाच द्यायचा असतो. डिसेंबरअखेर जायचं तर 31 ऑक्टोबरपर्यंत, उन्हाळ्यात जायचं तर 31 मेपर्यंत. म्हणजे कोण जाणार हे शाळेला आधीच ठाऊक. शिवाय जादा मदत लागणाऱ्या मुलांसाठी एक समन्वयक शिक्षक ठेवणं तिथे सक्तीचं आहे, त्यामुळे एक बाई गेल्या तरी मुलाची फाइल जागेवर राहते. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण पद्धत घेण्यासारखी आहे. आणि आपल्याकडे तर आणखी सोपं! निवृत्तीची तारीख 30-35 वर्षं आधी माहीत असते यार!

आता एक गोची आहे. मैत्रिणीनेच सांगितली. मुलांबद्दल लिहून ठेवलं, की शिक्का बसण्याची भीती. ‘हा तोच ना, मारामारीवाला?’ नव्या वर्षात नव्याने सुरुवात करायचा हक्क मुलांनाही आहे. पटलं मला. नवीन कंपनीत जॉइन होताना जुन्या बॉसचे शेरे पुढे पाठवलेले आपल्याला तरी चालतील? यावर तिचा उपाय सोपा आहे. मुलाने काय केलं ते लिहायचं नाही, त्याला कशाने मदत होते ते लिहायचं. ‘चिडका आहे’ असं नाही, तर ‘चिडला की पाच मिनिटं बाहेर पाठवा, शांत होतो.’ घरातली भानगड लिहायची नाही, ‘आईला फोन करा, वडिलांना नको’ एवढंच. मुलामागे दोन ओळी. साठ मुलांच्या एकशेवीस ओळी. एका दुपारचं काम. आणि ते पान मुख्याध्यापक आणि नव्या वर्गशिक्षकाच्याच हातात, स्टाफरूमच्या टेबलावर नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर अजून ईएमआय आणि लग्नाच्या स्थळांमध्ये अडकलोय, आम्हाला का सांगताय? पण भाचे, पुतणे आहेत ना? ताई-दादांना ओपन डेला जायला सुट्टी मिळत नाही, तेव्हा मावशी-काका म्हणून तुम्हीच जाता. मग फक्त ‘मार्क किती’ विचारून परत येऊ नका. तीन प्रश्न विचारा. पुढच्या वर्षी वर्गशिक्षक तेच आहेत का? नसतील, तर नव्या सरांना याच्याबद्दल कोण सांगणार? आणि याला काही अडलं, तर शाळेत याने नेमकं कोणाकडे जायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एक नाव असायला हवं. ‘आम्ही सगळेच आहोत की’ हे उत्तर म्हणजे कोणीच नाही, हे ऑफिसात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. घरीही दोन नंबर भिंतीवर लावून ठेवा. मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आणि 2022 मध्ये सुरू झालेली टेलि-मानस, 14416. दोन्ही फुकट.

आणि भाच्याच्या बाई निवृत्त होत असतील, तर जरूर जा समारंभाला. शाल द्या, श्रीफळ द्या, पाया पडा. मग हळूच म्हणा, ‘बाई, जाण्याआधी आमच्या पोराबद्दल नव्या सरांना दोन ओळी लिहून द्याल का?’ त्या नाही म्हणणार नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं.