खेकड्यावर खापर, गावावर पाणी



२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. नंतर मंत्र्यांचे उत्तर आले : खेकड्यांनी धरण पोखरले!

आम्ही कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाले. पण मातीचे बांध आमच्याही गावांच्या उशाला आहेत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी घमेली वाहून पाझर तलाव बांधले. आज ते पन्नाशी ओलांडून गेले. कुठे भराव खचला, कुठे दगडी पिचिंग निसटले, कुठे बांधावर बाभळी माजल्या.

मातीच्या धरणाच्या पोटात काळी माती असते, वर मुरुमाचे आवरण. आवरण गेले की माती सुकते. सुकलेली काळी माती कशी भेगाळते, हे कपाशीवाल्याला शिकवायला नको. झाड मेले की मूळ कुजते, पाण्याला वाट होते. पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ आले तर बांध आतून वाहू लागला, हे समजा. त्याच दिवशी तहसीलदाराला कळवा, खालची वस्ती हलवा.

उपाय गुपित नाहीत. पाणी हळूहळू उतरवायचे. एकदम उतरवले तर आतला उतार घसरतो. गळतीवर आधी वाळू, मग खडी, वर मुरुमाचा भार. पाणी निघावे, माती अडावी. नुसती माती टाकून तोंड बुजवले तर पाणी दुसरीकडून फुटते.

मग घोडे अडते कुठे? नव्या धरणाला नारळ फुटतो, दुरुस्तीला फुटत नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी. आमचे बहुतेक तलाव त्याच्या बाहेर.

आमचे मागणे साधे आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक बांधाची तपासणी करा, अहवाल ग्रामसभेत वाचा. गळतीच्या तक्रारीला लेखी उत्तर द्या. जुन्याची दुरुस्ती झाल्याशिवाय नव्याचा नारळ नको.

आणि आपणही ऐकावे. सांडव्यावर पोती रचून पाणी वाढवणारे, बांधाचा मुरूम उचलून नेणारे आपल्यातच आहेत. ते थांबले तरच आपल्या मागणीला वजन येईल. माणसे गेल्यावरची मदत आम्हाला नको; आधी बांध धड करा.