हात मंदावला की टीव्ही?

नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटचा व्हिडिओ गेम जोडून सुट्ट्या घालवणारी पिढी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. ते खेळ आता पुन्हा सहज मिळतात. तळहाताएवढ्या डबीत शेकडो जुने खेळ भरलेले असतात. डबी घरी येते, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडली जाते आणि पहिल्याच खड्ड्यात मारिओ पडतो. पुन्हा पडतो. शेजारी बसलेली मुलं हसतात. मग ठरलेलं वाक्य येतं, 'वय झालं आता.' नाहीतर दुसरं, 'लहानपणी सगळंच भारी वाटायचं.'

या दोन्ही वाक्यांना माझा आक्षेप आहे. पहिल्यात दोष हाताला जातो, दुसऱ्यात आठवणीला. ज्या यंत्रावर आपण खेळतोय, त्याची चौकशी कुणी करत नाही.

बालपणाच्या आठवणींनी जो हळवा होणारच नाही, असा एक साक्षीदार आधी तपासू. तो म्हणजे बदकं मारायची बंदूक. निन्टेंडोचा 'डक हंट' हा खेळ १९८४चा. आपल्याकडे बहुतेकांनी तो त्या यंत्राच्या नकलांवर खेळला. या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला, तर बदक पडलं. हे सगळं इतक्या झटकन होतं की खेळणाऱ्याला एक लुकलुक तेवढी जाणवते. हीच बंदूक आजच्या एलईडी टीव्हीसमोर धरा. नेम कितीही अचूक असो, एकही बदक पडत नाही. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत यंत्राने 'नेम चुकला' असा निकाल देऊन टाकलेला असतो. शिवाय बंदुकीची घडण जुन्या टीव्हीच्या प्रकाशाच्या लुकलुकीला जुळवलेली. नव्या पडद्याचा सलग उजेड तिला ओळखूच येत नाही. बंदुकीचं वय झालेलं नाही आणि तिला बालपणही नव्हतं. तरी तिला फरक कळतो.

हा उशीर येतो कुठून? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत साठवण्याची सोयच नव्हती. तारेतून संदेश आला की त्याच क्षणी इलेक्ट्रॉनचा झोत काचेमागच्या फॉस्फरवर ओळीमागून ओळ काढत जाई. खेळाचं यंत्रही तसंच. पूर्ण चित्र तयार करून ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती, ते ओळ काढता काढताच पुढे पाठवत होतं. आजचा टीव्ही आधी अख्खं चित्र आत घेतो, ताणून पडद्याएवढं करतो, त्यातला खरखरीतपणा काढतो आणि क्रिकेटचा चेंडू सफाईने सरकावा म्हणून मधली चित्रं स्वतःच तयार करून घुसवतो. सिनेमा पाहताना या कामाला लागणारा वेळ कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळताना तो थेट अंगठ्याला जाणवतो. त्यात ती डबी म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा एक छोटा संगणक आणि बटणांचा संच बिनतारी. प्रत्येक जण थोडा थोडा वेळ खातो.

संगणकाचंही तेच. डॅन लू या अभियंत्याने २०१७ मध्ये जुन्या-नव्या संगणकांवर कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ मोजला. १९८३च्या ॲपल टू-ई या संगणकावर तो सुमारे ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले ३० भाग होता. कितीतरी पटींनी वेगवान प्रोसेसर असलेल्या काही नव्या संगणकांवर तोच वेळ १००च्या पुढे गेला. गणित करण्याचा वेग वाढला, पण कळ आणि पडदा यांच्यामधल्या खिडक्यांची रांगही वाढली. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता वयाकडे येऊ. प्रकाश दिसताच बटण दाबायचं, या साध्या प्रतिक्रियेचा वेळ फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात मोजला होता. तरुणांमध्ये तो १९० मिलिसेकंदांच्या आत आला. अलीकडच्या अनेक अभ्यासांत हा आकडा बराच वाढलेला दिसला आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातली माणसं आपल्यापेक्षा चलाख होती की काय, अशी गंभीर चर्चा शास्त्रीय नियतकालिकांत झाली. २०१५ मध्ये डेव्हिड वूड्स आणि सहकाऱ्यांनी १८ ते ६५ वयाच्या १,४६९ जणांची काटेकोर चाचणी घेतली. सरासरी वेळ आला २३१ मिलिसेकंद. त्यातून संगणक आणि पडदा यांचा उशीर वजा केला, तेव्हा उरले २१३. त्यांचा निष्कर्ष असा की माणसाचा वेग गाल्टनच्या काळाइतकाच आहे. इतर प्रयोगशाळांतल्या फुगलेल्या आकड्यांमागे काही अंशी त्यांची उपकरणंच होती.

याच अभ्यासात वयाचा हिशेबही आहे. प्रतिक्रियेचा वेळ वयाच्या दर वर्षामागे सरासरी ०.५५ मिलिसेकंदाने वाढतो. म्हणजे विशी ते पन्नाशी या ३० वर्षांत जेमतेम १६-१७ मिलिसेकंद. चित्र सजवण्यात गुंतलेला टीव्ही याच्या कितीतरी पट वेळ एका झटक्यात खातो. अर्थात, हा आकडा साध्या प्रतिक्रियेचा आहे. अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर वय जास्त जाणवतं. 'स्टारक्राफ्ट टू' या गुंतागुंतीच्या खेळाच्या खेळाडूंवरच्या २०१४च्या अभ्यासात वेग वयाच्या २४व्या वर्षापासूनच ओसरू लागलेला दिसला. पण खड्डा आला की उडी मारायची, यात निवड ती कसली?

मग त्याच टीव्हीवर मुलं बरी कशी खेळतात? मेंदू उशिराशी जुळवून घेतो म्हणून. २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांनी कळ दाबली की थोड्या ठरावीक उशिराने प्रकाश चमके. सरावाने त्यांना तो उशीर जाणवेनासा झाला. मग संशोधकांनी उशीर काढून टाकला, तेव्हा प्रकाश आपण कळ दाबण्याआधीच चमकला, असं लोक सांगू लागले! नव्या टीव्हीवरच वाढलेल्या मुलाची उडी त्या टीव्हीच्या उशिरासकट बसलेली असते. आपली बसली ती पिक्चर ट्यूबवर. चार दिवस खेळलात तर तुमचीही बसेल. मात्र अचानक समोर आलेल्या शत्रूपुढे हा सराव कामाचा नाही. ज्याचा अंदाजच नाही, त्यासाठी बटण आधी दाबून ठेवणार कसं?

डोळ्यांचा अनुभवही बदलला आहे. पिक्चर ट्यूबवरचा प्रत्येक बिंदू क्षणभर पेटायचा आणि पुढचं चित्र येईपर्यंत विझलेला असायचा. नवा पडदा एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. मारिओ धावतो तेव्हा त्याच्यामागे आपली नजर सलग सरकत असते, चित्र मात्र थांबून थांबून उड्या घेतं. त्यामुळे दृष्टिपटलावर ते फरफटतं आणि धावती दृश्यं पुसट दिसतात. 'चष्म्याचा नंबर वाढला वाटतं,' असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं. उलट थांबलेलं चित्र नको तितकं स्पष्ट दिसतं. १९९१च्या 'सॉनिक'मधल्या धबधब्याचं पाणी उभ्या रेघांनी काढलेलं आहे. जुन्या तारेत आणि काचेवर त्या रेघा एकमेकींत मिसळून आरपार दिसणारं पाणी तयार होई. नव्या पडद्यावर गजांचं कुंपण दिसतं. आपल्याला पाणी आठवतं, कारण तेव्हा खरंच पाणी दिसत होतं.

आठवण अजिबात रंगवत नाही, असं मी म्हणत नाही. भावंडांशी केलेली भांडणं, वीज गेल्यावरचा आरडाओरडा हे कोणत्याही पडद्यावर परत येणार नाही. पण 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळी १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीने झुरणाऱ्या माणसांच्या आजाराला नाव म्हणून घडवला होता. तेव्हापासून हे निदान जरा घाईनेच होत आलं आहे.

मला खरी काळजी वाटते ती फोनवरच्या 'मेंदूचं वय' सांगणाऱ्या खेळांची. ठिपका दिसताच बोट लावा, की आकडा हजर. त्या आकड्यात तुमच्याइतकाच तुमचा फोनही असतो, आणि स्वस्त फोनवाल्याचा मेंदू म्हातारा ठरू शकतो. पन्नाशीतला माणूस तो आकडा मनाला लावून घेतो, हे मी पाहिलं आहे. फोनचा स्वतःचा उशीर किती, हे जो खेळ सांगत नाही, त्याच्या निकालावरून झोप उडवून घेऊ नये.

जुने खेळ खेळायचे असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा. तो चालू केला की चित्राची बरीचशी सजावट बंद होते आणि उशीर एकदम घटतो. बटणांचा संच शक्यतो तारेचा घ्या. एवढं करूनही मारिओ पडत असेल, तर चार-आठ दिवस खेळून पाहा. मात्र शर्टाची बटणं लावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, अक्षर बारीक होत चाललं आहे, चालताना एक हात हलत नाही, अशी मंदगती दिसली तर ती टीव्हीच्या खात्यावर टाकू नका. ती पार्किन्सनची सुरुवात असू शकते, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून घ्या.