अर्जदार उघडा, फाईल झाकलेली

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्याच महिन्यात कळतं.. एक कॉलम नाजूक असेल तर तेवढा कॉलम झाका, अख्ख्या टेबलाला कुलूप लावू नका. केंद्र सरकारने नेमकं कुलूप लावलंय.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, असं दाखवावं लागायचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने या अटीच उडवल्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता वैयक्तिक म्हटलं की संपलं. जनहितासाठी कलम ८(२) शाबूत आहे म्हणे. आहे ना! पण जनहित जास्त की नुकसान, हे आधी ठरवणार कोण? ज्याच्या ऑफिसची फाईल मागितली, तेच ऑफिस.

वसई-विरारमध्ये याचा अर्थ काय ते बघा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले, तीही अनधिकृतच. इथे घर घेणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: परवानगी खरी आहे का, आणि खाली सही कोणाची. सही म्हटली की नाव आलं, आणि नाव म्हणजे वैयक्तिक माहिती!

खासगीपणाची बाजू खोटी नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने तो मूलभूत हक्क ठरवला, छानच झालं. कुणाचा आधार नंबर, कुणाचं आजारपण मिळूच नये. आरटीआय टाकून बिल्डरकडून पैसे उकळणारे महाभागही आमच्याकडे आहेत. पण कलम ४ प्रमाणे दिलेल्या परवान्यांचा तपशील सरकारी कार्यालयांनी स्वतःहूनच प्रसिद्ध करायचाय. जो कागद सगळ्यांनाच दिसतो, त्याची धमकी कोण कोणाला देणार?

लपवायचंच असेल तर अर्जदाराला लपवा. तळेगावचे सतीश शेट्टी २०१० साली मारले गेले. आमच्या वसई-विरारमधल्या बांधकामांची माहिती मागणारे प्रेमनाथ झा २०१२ साली गोळ्यांनी. अर्जावरचा पत्ता मात्र आजही टेबलाटेबलावरून फिरतो. घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर चालेल, असं कलकत्ता हायकोर्टाने २०१३ सालीच म्हटलंय. कुठल्याही सरकारी खिडकीवर एकदा सांगून बघा.