पुसणाऱ्यांपासून सावधान

माझं एक ठाम मत आहे. धुळीने आजवर कुठल्याही जुन्या गाडीचं वाटोळं केलेलं नाही. वाटोळं केलंय ते धूळ पुसणाऱ्यांनी. धूळ बिचारी येते आणि निमूट पडून राहते. पुसणारा मात्र बाह्या सरसावून येतो, खांद्यावरचं फडकं काढतो आणि म्हणतो, "जरा हात मारतो हं!" या 'जरा हात मारण्याने' जितक्या वस्तू मेल्या असतील, तितक्या अपघातांनीसुद्धा मेल्या नसतील.

हे मत काही मी आरामखुर्चीत बसून बनवलेलं नाही. ठाण्याला आमच्या सोसायटीच्या आवारात आमची १९७९ सालची प्रीमिअर पद्मिनी उभी असते. घराणं इटलीच्या फियाट अकराशेचं, जन्म कुर्ल्याचा. बाबांनी नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून ती घेतली. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी-भगिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. आमची मात्र अजून चालते. म्हणजे रविवारी सकाळी अर्धा तास चालते आणि उरलेला आठवडा त्या श्रमाची विश्रांती घेते.

तिच्या डॅशबोर्डवर, स्पीडोमीटर आणि पेट्रोलच्या काट्यासमोर, एक पारदर्शक झाकण आहे. म्हणजे होतं तेव्हा पारदर्शक होतं. पुढे ते इतकं धुरकट झालं की ताशी चाळीस आणि साठ यांतला फरक मला खिडक्यांच्या खडखडाटावरून ओळखावा लागे. शिवाय पेट्रोलच्या काट्यासमोर चार-पाच खोल चरे आहेत. ते बाबांचे. काटा खाली दिसला, की बाबा बोटातल्या पुष्कराजाच्या अंगठीने झाकणावर टक्-टक् करायचे. त्याने पेट्रोल वाढत नसे, पण बाबांचा धीर वाढत असे.

"हे झाकण जरा साफ करावं म्हणतो," असं मी एकदा खाली बोलून गेलो. झालं! सोसायटीत पाण्याची टाकी फुटली असती तरी इतकी माणसं गोळा झाली नसती.

पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, थिनर मारा! रंग निघतो, तिथे मळ म्हणजे काय चीज आहे?" थिनरने रंग निघतो हे खरं, पण त्याबरोबर प्लॅस्टिकही विरघळतं, हा हिशेब काकांनी धरलेला नव्हता. आमचे मेहुणे म्हणाले, "दाजी, टूथपेस्ट! दात चमकतात, मग हे का नाही चमकणार?" अहो, दातावरचं आवरण या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. दाताला जे खरवडणं सोसतं ते याला कसं सोसावं? शिवाय टूथपेस्टमधली पूड किती जाड, किती बारीक, हे कोण बघायला गेलंय? समोरच्या वहिनींनी खोबरेल तेल सुचवलं आणि कौतुकाची गोष्ट अशी, की ते लावताच झाकण खरोखर लख्ख दिसलं! कारण साधं आहे. ओरखड्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसतात. तेल त्यांत भरलं की प्रकाश सरळ जातो. ओल्या फडक्यानेही घडीभर असाच चमत्कार होतो. चमत्कार वाळला की धूर परत! फरक इतकाच, की तेलावर दुसऱ्या दिवशी ठाण्याची सगळी धूळही येऊन बसते.

या सगळ्या मंडळींची चूक एकच. ती त्याला 'काच' म्हणतात. एकदा काच म्हटलं की माणूस वर्तमानपत्राचा बोळा आणि खिडक्या पुसायचं निळं पाणी घेऊन निघतो. ते पाणी अमोनियाचं असेल तर या प्लॅस्टिकचा वैरीच. अशी झाकणं बहुधा अ‍ॅक्रिलिकची असतात. काचेसारखं दिसणारं, पण काचेहून पुष्कळ मऊ. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू तर काचेलाही ओरखडते. म्हणजे कोरडं फडकं घेऊन आपण पुसत नसतो, वाळूने घासत असतो. वर त्या घासण्याने स्थिर वीज तयार होते आणि झाकण आणखी धूळ ओढून घेतं. मग आपण आणखी पुसतो!

हे अ‍ॅक्रिलिक हलकंसलकं समजू नका. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोक्यावर याचीच पारदर्शक छत्रं होती. ती फुटून तुकडे डोळ्यांत गेले, तरी डोळ्यांनी त्यांच्याविरुद्ध फारशी तक्रार केली नाही, हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या ध्यानात आलं. १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात याच जातीचं भिंग बसवलं. पुढे बाबांच्या डोळ्यांतही तसलंच भिंग बसलं. तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका थिनर घेऊन आले नव्हते. आमच्या मेहुण्यांनी टूथपेस्ट सुचवली नव्हती. डोळ्यातल्या अ‍ॅक्रिलिकला जो मान, तो गाडीतल्या अ‍ॅक्रिलिकला का नसावा?

आता मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे अशी तुमची समजूत झाली असेल, तर ती खोडून काढतो. औषधाच्या डब्यातलं स्पिरिट घेऊन मी झाकणाच्या एका कोपऱ्यावर जरासा हात मारून पाहिला. क्षणभर स्वच्छ दिसलं. थोड्या वेळाने तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. जुन्या प्लॅस्टिकच्या पोटात ताण साठलेला असतो आणि स्पिरिट लागलं की तो असा बाहेर येतो. या भेगा आतवर जातात, घासून निघत नाहीत. "आता दुसऱ्यांना नावं ठेवू नका," एवढंच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. पण मी ठेवतोच आहे.

मग मात्र शहाण्यासारखं केलं. बॅटरीची तार सोडली, मागची केबल काढली आणि झाकण काट्यांपासून वेगळं करून घरी आणलं. काट्याला बोट लावायचं नाही आणि छापलेल्या आकड्यांवर घासायचं नाही, ही शपथ घेतली. आधी भरपूर पाण्याखाली धूळ वाहू दिली. मग साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनीच धुतलं. निम्मा धूर इथेच गेला! तो आतल्या बाजूचा होता. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डची वाफ आणि त्यावरच्या गणपतीसमोर बाबांनी वर्षानुवर्षं लावलेल्या उदबत्त्या. उरलेल्या ओरखड्यांसाठी हजार, दीड हजार, दोन हजार असे वॉटर पेपर, भरपूर पाणी लावून. प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला आडवे. पहिल्या पेपरने झाकण दुधासारखं पांढरं होतं आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. तिथे घाबरायचं नाही. शेवटी प्लॅस्टिकचं पॉलिश आणि फलाणीचं कापड, हलक्या हाताने. जोरात घासलं तर प्लॅस्टिक तापून मऊ पडतं. तीन रविवार गेले. आकडे दिसू लागले.

बाबांचे चरे मात्र तसेच राहिले. मेहुणे म्हणाले, "दाजी, आणखी जाड पेपर घ्या. कसं अगदी नव्यासारखं होईल!" माझं खरं भांडण आहे ते या 'नव्यासारखं'शी. एवढे खोल चरे काढायचे तर भोवतालचं प्लॅस्टिक तितकंच खाली न्यायला हवं. मग तिथे खळगा पडणार आणि त्यातून काटा वाकडा दिसणार. अहो, झाकण कशासाठी असतं? काटा दिसावा म्हणून! झाकण स्वतः दिसावं म्हणून नव्हे. काटा दिसला की काम संपलं, हात थांबवायचा. त्यापुढे जो घासतो तो गाडीसाठी घासत नाही, शेजाऱ्यांसाठी घासतो. आणि समजा तो खळगा पडला नसता, तरी बाबांच्या टक्-टक्वर दीड हजारचा पेपर फिरवायला माझा हात धजला असता असं मला वाटत नाही.

गेल्या रविवारी घोडबंदर रस्त्यावर गाडी आचके देऊ लागली. काटा लख्ख दिसत होता. शून्यावर आहे हेही लख्ख दिसत होतं. तरी मी त्याच जागी अंगठी वाजवली, टक्-टक्. धीर आला, पेट्रोल आलं नाही. दोन भल्या मुलांनी गाडी ढकलून कडेला लावली. त्यांतला एक आत डोकावला आणि खिशातून रुमाल काढत म्हणाला, "काका, ती आतली काच... जरा हात मारू का?"

मी आभार मानले आणि खिडकीची काच वर केली.