औषध झाडात की आंबवण्यात?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कलाशाखेच्या मुलीने विकरांवर, म्हणजे एन्झाइमवर, लिहावे हा विज्ञान महाविद्यालयातल्या मित्रांना आगाऊपणा वाटेल. वाटो. माझी आई दरवर्षी होळीच्या आगेमागे डोंगरात जाऊन धायटीची फुले तोडते. ती तांबडी फुले वाळवायची, पोत्यात भरायची आणि व्यापाऱ्याला किलोवर घालायची. पुढे ती कुठे जातात, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मला ते कॉलेजच्या ग्रंथालयात कळले.

ही फुले आसवे-अरिष्टे करताना लागतात. काढा, गूळ आणि धायटी भांड्यात घालून तोंड बंद करायचे. महिनाभरात ते आंबते. फुलांबरोबर यीस्ट येते आणि त्याची विकरे हे काम करतात. चरकसंहितेत ८४ आसवे मोजली आहेत. म्हणून लगेच 'आमच्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते' असे भाषण ठोकू नये. यीस्ट त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी निरीक्षण केले होते, आणि तेही थोडेथोडके नाही.

आजचे संशोधक निवडक विकरे वापरून वनस्पतींचा सूज आणि दाह कमी करणारा गुण वाढवू पाहतात. सेल्युलेज, पेक्टिनेज ही विकरे पेशींच्या भिंती फोडतात; आत अडकलेली द्रव्ये अर्कात जास्त उतरतात. दुसरी काही विकरे द्रव्याला चिकटलेली साखर सोडवतात. आपले ज्येष्ठमधच घ्या. त्यातले ग्लिसरायझिन हे गोड द्रव्य जसेच्या तसे रक्तात फारसे शिरत नाही. आतड्यातले जिवाणू आपल्या विकरांनी त्याचे शर्करेचे दोन भाग तोडतात, तेव्हा उरलेले आम्ल शोषले जाते. दाह शमवण्याचा गुण त्या आम्लात आहे. हीच तोडफोड पोटात जाण्याआधी प्रयोगशाळेत करून घेता येते.

पण तेच आम्ल जास्त झाले तर रक्तदाब चढतो, अंगातले पोटॅशियम घटते. तेव्हा 'गुण वाढवला' एवढ्यावर मी टाळ्या वाजवणार नाही. गुणाबरोबर उपद्रव किती वाढला, हेही विचारले पाहिजे. काचेच्या बशीतल्या पेशींचा दाह शमला म्हणजे माझ्या आजीच्या गुडघ्याची सूज उतरली, असे नव्हे. ते माणसांवर तपासूनच ठरवावे लागेल.

माझे खरे म्हणणे पुढेच आहे. औषधाचा गुण जर झाडाइतकाच कृतीत असेल, तर ती कृती सुरू कुठे होते? आई म्हणते, "करपलेलं फूल घेऊ नको. सावलीत वाळव. बुरशी चढली की पोतं टाकून दे." यीस्ट फुलांबरोबर येत असेल, तर आईची ही सावलीसुद्धा औषधाच्या कृतीत मोजायला हवी. ती कुणी मोजत नाही. व्यापारी फक्त वजन मोजतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या ठरल्या. झाडांची नावे लिहिणे सोपे आहे. फुले तोडणाऱ्या बायांशेजारी बसून त्यांचे बोलणे लिहून घ्यायला वेळ लागतो, आणि मराठी नीट लिहिणारी माणसे लागतात. ती तर आपल्याच वर्गात बसली आहेत!

या सुट्टीत मी वही घेऊन आईबरोबर डोंगरात जाणार आहे. विज्ञान महाविद्यालयातल्या एका सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला ताजी फुले मागितली आहेत. आईलाही घेऊन येते म्हणाले मी. आई मात्र विचारते, त्या दिवसाचा रोज कोण देणार?