एकरी एक थैली

आमच्या दर्यापूरच्या बाजारात गव्हाचं बी घ्यायला कोणी गेला, तं त्याला एकच प्रश्न विचारला जातो, "किती एकर?" जमीन कशी हाय, ओलीत का कोरडं, पेरणी कधीची, हे कोणी पुसत नाही. तीन एकर म्हटलं की तीन थैल्या. हा हिशेब इतका पक्का बसला, की आमचे पोट्टे आता त्यालाच शेतीशास्त्र समजतात. मी म्हणतो, राजेहो, हा दुकानाचा हिशेब हाय, वावराचा नाही.

चाळीस किलोची थैली एकराला, म्हणजे हेक्टरी 100 किलो. हे प्रमाण वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाचं. तिथं 100 ते 125 किलोची शिफारस हाय. उशिरा पेरला तं 125 ते 150, कारण थंडी कमी भेटते, फुटवे कमी येतात, अन् ओंब्यांची तूट झाडं वाढवून भरावी लागते. कोरडवाहूला मात्र 75 ते 100 च. शास्त्रानं तीन हिशेब सांगितले, बाजारानं एकच ठेवला.

अन् आमचा मुलूख तं खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगाला विहिरीचं पाणी खारं. ते दिलं तं काळी जमीन अजूनच बिघडते. म्हणून जुने लोक पावसाळाभर वावर मोकळं ठेवत, वखराच्या पाळ्या देत, अन् ऑक्टोबरात जमिनीतल्या ओलीवर बन्सी गहू पेरत. ती ओल म्हणजे घरातलं एक रांजण पाणी. वरून भर पडत नाही. पाहुणे दुप्पट बोलावले तं पंगत उठायच्या आधीच रांजण कोरडा. दाट पेरलेला गहू डिसेंबरात हिरवागार दिसतो, रस्त्यानं जाणारा वाहवा करतो. पण जानेवारीत दाणा भरायची वेळ आली की खाली ओल उरलेली नसते. ओंबी दिसते, दाणा चिमतो. "दाट पेरलं की दाट पिकते" म्हणणाऱ्यानं रोपं मोजली, पोती मोजली नाहीत.

माझी माय तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची. ओल कमी दिसली की मूठ आवळायची. तिला हेक्टर ठाऊक नव्हतं, पण वावर कितीजणांना पोसू शकते हे ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट वाणाची. 1960 नंतर मेक्सिकन रक्ताचे बुटके गहू आले. कल्याणसोना, सोनालिका ही नावं माझ्या पिढीच्या कानावरची. त्यांनी देशाचं पोट भरलं, हे नाकारणारा मी नाही. पण तो गहू पाण्याचा अन् खताचा. बुटक्या वाणाचा पहिला कोंबही आखूड. कोरड्या वावरात बी खाली ओलीत पडावं म्हणून आपण चार बोटं खोल पेरतो. तिथून उंच जुन्या वाणाचा कोंब वर येते, बुटक्याचा मातीतच दबते. मंग उगवण पातळ झाली म्हणून माणूस पुढच्या साली अजून बी टाकतो. दुखणं वाणाचं, अन् औषध थैलीचं!

तिसरी गोष्ट दाण्याची. झाड किलोनं उगवत नाही, दाण्यानं उगवते. हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम असलं तं एका थैलीत 10 लाख दाणे. ठसठशीत दाण्याचा गहू हजारी 50 ग्रॅम भरला तं त्याच थैलीत 8 लाख. दोन लाख झाडांचा फरक, अन् हिशेब तोच, एकरी एक! थैलीच्या लेबलावर उगवणशक्ती असते, वजन असते. हजार दाण्यांचं वजन मला काही कुठं छापलेलं दिसलं नाही.

ही सवय लागली कशी? 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. तिचं बी दरसाल नवं घ्यावं लागते, घरचं चालत नाही; म्हणून दुकानाची पायरी चढणं भाग होतं. पण गव्हाचं तसं नाही. तो आपल्याच परागानं दाणा धरतो. चांगल्या वाणाचं घरचं निवडक बी दोन-तीन वर्षं खुशाल चालते. ज्वारीच्या गरजेची आपण गव्हाला सवय करून टाकली.

"जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण हाय. बन्सीच्या शेवया अन् रोडगे मलाही गोड लागतात. पण तो उंच गहू लोळते, तांबेऱ्याला बळी पडते. म्हणूनच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा शरद, म्हणजे एकेडीडब्ल्यू 2997-16, हा बन्सीच्याच जातकुळीचा वाण कोरडवाहूसाठी शिफारशीत हाय. मुद्दा जुन्या-नव्याचा नाहीच. कोणतं बी, कोणत्या वावरात, किती, हा मुद्दा हाय.

म्हणून माझं मागणं साधं हाय. थैलीवर हजार दाण्यांचं वजन छापा, अन् ओलीत, उशीर, कोरडवाहू असे तीन आकडे मोठ्या अक्षरात छापा. तोवर आपण एवढं करावं. हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर तोलावे. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहावं. अन् पेरल्यावर एक मीटर तासातली रोपं मोजावी. तासातलं अंतर साडेबावीस सेंटीमीटर असलं, अन् 40 ग्रॅमी बी हेक्टरी 100 किलोनं पडलं, तं मीटरभरात 55 च्या वर दाणे गेलेले असतात. आमच्या कोरड्या वावराला एवढे पाहुणे झेपत नाहीत. दुकानात "किती एकर" विचारलं, तं आधी "किती ओल" ते आपण सांगावं, अन् थैली मंग उचलावी.